रिकामी यादी

माणूस सकाळी साडेनऊपासून बाहेरच्या बाकावर बसून होता आणि चांदनीला ते साडेअकराला कळलं. शोभाबाई टेबलावर चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, एक माणूस सकायपाईन बठेल शे. तोरणमाळना. त्याले यादी देखनी शे म्हणस." चांदनीने स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, पाठव. तिची सकाळ आधीच नासली होती. इंटरनेट दोनदा गेलं होतं, आणि जिल्ह्याच्या सिकलसेल-तपासणीच्या अहवालातला तक्ता एका पानावर मावत नाही म्हणून रकाने अरुंद करण्यात दोन तास गेले होते. खालच्या बियाण्याच्या दुकानातून कीटकनाशकाचा वास जिन्याने वर येऊन दोन्ही खोल्यांत भरून राहिला होता. या वासाने तिचं डोकं रोज दुखे, आणि रोज ती ठरवत असे की आज संस्थेच्या राजेंद्र सरांशी खोली बदलण्याबद्दल बोलायचं. माणूस आत आला. तिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, पायात प्लास्टिकचे बूट. "दिलवरसिंग पावरा," तो शाळेत हजेरी दिल्यासारखा म्हणाला आणि पिशवीतून एक चौपदरी घडी घातलेला कागद काढून त्याने टेबलावर उलगडला. कागद गुजरातीत होता. चांदनीला गुजराती वाचता येत असे. वडिलांच्या साडीच्या दुकानात सुरतेहून येणारे गठ्ठे आणि पत्रं तिने लहानपणापासून वाचली होती. तिने वाचलं: सोनम, वय वीस. सिकलसेल, रक्ताचा आजार. ऊसतोडीच्या ठिकाणाहून दाखल. पाचव्या महिन्यात मूल गेलं. खाली एका ओळीत, याआधी तपासणी झाली होती का, याच्यापुढे लिहिलं होतं: नवऱ्याच्या सांगण्यानुसार झाली, दोष निघाला नाही.

"आमचा कागद दाखवा," दिलवरसिंग म्हणाला. "तिथल्या डॉक्टरने विचारलं, आधी तपासलं होतं का. मी म्हटलं, हो, तोरणमाळच्या कॅम्पला. मग तिथे काय निघालं म्हणाला. मी म्हटलं, काही नाही निघालं. तो म्हणाला, असं होत नाही. म्हणून मी बघायला आलो." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे चांदनीला चिडायला जागा सापडेना. पाड्याचं नाव विचारून तिने ते टाइप केलं. स्क्रीनवर एक ओळ आली. तपासलेले शून्य, वाहक शून्य, रुग्ण शून्य. ती त्याला म्हणणार होती की बघा, कोणी नाही, आणि तोंड उघडता उघडता तिची नजर पहिल्या शून्यावर गेली. "कॅम्पला किती लोक होते?" तिने विचारलं. "पुष्कळ. दिवसभर रांग होती. बोटातून रक्त घेतलं सगळ्यांचं. पाणी तर मीच भरलं होतं कॅम्पला." चांदनी म्हणाली, "तुम्ही थोडं बाहेर बसा. मला बघावं लागेल." तो कागद तिथेच ठेवून बाहेर गेला.

हे शून्य तिने आधीही पाहिलं होतं. डिसेंबरच्या सभेत अहवाल पडद्यावर दाखवला तेव्हा तोरणमाळच्या ओळीपाशी कोणीतरी म्हणालं होतं, वा, इथे एकही नाही, आणि सगळे पुढच्या ओळीकडे वळले होते. पडद्यावर फक्त वाहक आणि रुग्ण हे दोनच रकाने होते. तपासलेल्यांचा रकाना पानावर मावत नाही म्हणून काढला होता, तोही तिनेच. वरच्या डोंगरात, जिथे प्रत्येक पाड्यात पाचातला एक माणूस वाहक निघतो, तिथे एका पाड्यात कोणीच नाही, हे तिला तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं होतं का, हे ती आता आठवू पाहत होती आणि आठवेना. एवढंच आठवत होतं की त्या दिवशी सभेतल्या समोशांबरोबर लाल चटणी होती आणि तिला लवकर घरी जायचं होतं.

प्रोग्राम तिने ऑगस्टमध्ये लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता. त्या चांगलेपणाचीच आता तिला चीड येत होती. लग्नाआधी पुण्याच्या कंपनीत ती सहा वर्षं फंक्शनल प्रोग्रामिंग करत होती आणि तिथल्या तिच्या वरिष्ठ बाई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, फंक्शनने, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेका कामाच्या तुकड्याने, खोटं बोलायचं नाही. जे देणार म्हणून कबूल केलं तेच द्यायचं, आणि देता येणार नसेल तर तसं कबुलीतच लिहायचं. हिशेब करणारा भाग आत, शांत आणि स्वच्छ, आणि बाहेरच्या जगाशी, म्हणजे फाइलींशी, संबंध फक्त कडेकडेला. फाइल ही बाहेरची वस्तू. ती जागेवर नसेल, अर्धी असेल, दुसऱ्याच कशात लिहिलेली असेल. म्हणून फाइल वाचणारं फंक्शन दोनपैकी एक गोष्ट परत देतं: आतला मजकूर, नाहीतर मजकूर का मिळाला नाही याचं कारण. कारण आदळत नाही, फुटत नाही, प्रोग्राम बंद पाडत नाही. ते एका डबीत घातल्यासारखं पुढच्या फंक्शनच्या हातात येतं आणि पुढच्याला डबी उघडून बघावीच लागते. चांदनीला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. शहाद्यातल्या त्यांच्या घरात कशाचंच कारण कधी कोणी हातात देत नसे. आई रडत असली आणि विचारलं की काय झालं, तर मारवाडीत उत्तर यायचं, "कांई कोनी," काही नाही. वडील दोन दिवस जेवले नाहीत तरी कांई कोनी. ती स्वतः चार वर्षांपूर्वी जळगावहून नवऱ्याचं घर सोडून, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन परत आली, तेव्हा दुकानात आलेल्या बायकांनी विचारलं, चांदनी कधी आली? आणि सायरबाईंनी, तिच्या आईने, साडीची घडी घालत सांगितलं, आली थोडे दिवस. ते थोडे दिवस अजून चालू होते. का आली, हे घरात एकदाही कोणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

तर ऑगस्टमधला तो प्रोग्राम प्रत्येक कॅम्पची फाइल उघडत असे आणि एखादी वाचता आली नाही की कारण सांगून थांबे. कारण लाल अक्षरांत येई. राजेंद्र सर मागे येऊन उभे राहत. ते म्हसावदचे, संस्थेचे समन्वयक, मनाने सरळ माणूस, पण लाल रंग दिसला की घाबरत. "मॅडम, हे लाल काय येतंय? परवा पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर असं नको. ते काढता येईल ना?" तिने समजावून सांगितलं होतं की हे चुकीचं काही नाही, प्रोग्राम खरं बोलतोय. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "तुमचं बरोबरच असेल हो. पण काढा." दुपार होती, वास येत होता, डोकं ठणकत होतं. तिने एक ओळ बदलली. मजकूर मिळाला तर मजकूर, कारण मिळालं तर रिकामी यादी. चार मिनिटांचं काम. रिकाम्या यादीची बेरीज शून्य, रिकाम्या यादीतले रुग्ण शून्य, पुढचं कोणतंही फंक्शन कुठेही अडत नाही. सगळं किती सुरळीत वाहतं, असं तिला त्या दुपारी वाटलं होतं. आणि तिने कोणाला तरी दाखवलंही होतं, बघा, एका ओळीत झालं.

आता तिने तोरणमाळची फाइल प्रोग्रामला बाजूला ठेवून स्वतः उघडली. फाइल जागेवर होती, भरलेली होती. कॅम्पच्या जुन्या लॅपटॉपवर कोणीतरी ती वेगळ्या प्रकारात सेव्ह केली होती. दिसायला तशीच, पण आत प्रत्येक अक्षर वेगळ्या पद्धतीने मांडलेलं. प्रोग्राम पहिल्याच बाइटला, म्हणजे पहिल्या अक्षरालाच, अडला असणार. अडल्याचं त्याने सांगितलं असणार. एकशे शहाऐंशी ओळी होत्या. नाव, वय, पाडा, निकाल. एकतीस वाहक. पाच रुग्ण. एकशे बाराव्या ओळीत सोनम दिलवरसिंग पावरा, वय वीस, रुग्ण. तारीख ऑक्टोबरची. दिवाळीनंतर ट्रक येतात आणि निम्मे पाडे गुजरातेत ऊसतोडीला जातात, त्याच्या आधी ज्यांना गाठायचं, गोळ्या सुरू करायच्या, भारी काम करू नको, पाणी पीत राहा, पोटात मूल असेल तर दवाखान्यात नाव घाल, असं सांगायचं, त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. तिने गुजराती कागद पुन्हा पाहिला. मग स्क्रीन पाहिली. तेच नाव दोन्हीकडे. याही वेळी तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाल अक्षरांना घाबरणाऱ्या माणसाचा राग. तो राग घेऊन ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

राजेंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मूल गेलं म्हणता?" मग म्हणाले, "आता असं करा, फाइल नीट करून परत चालवा. सुधारित अहवाल म्हणून पाठवू. त्याला सांगू, निकाल यायला उशीर झाला." चांदनी म्हणाली, "उशीर नाही झाला सर. निकाल ऑक्टोबरपासून या खोलीत आहे." "उशीर तर झालाच ना पोचायला? त्यात खोटं काय आहे?" ते खरोखरच विचारत होते, आणि तिला एकदम थकल्यासारखं झालं. जळगावच्या घरातही असंच होतं. तिथे कोणी खोटं बोलत नसे. नवरा बाहेरगावी आहे, असं सासू सांगे, आणि तो बाहेरगावीच असे. कोणाकडे, ते विचारलं की सगळ्यांच्या जेवणाच्या वाट्या वाजायला लागत. ती म्हणाली, "मी त्याला काय ते सांगते," आणि सरांचं उत्तर न ऐकता बाहेर आली.

दिलवरसिंग बाकावर तसाच बसला होता. शोभाबाईने त्याला चहा दिला होता आणि त्याने कप बाकाखाली भिंतीला लावून ठेवला होता, कोणाचा पाय लागू नये म्हणून. चांदनी त्याच्या शेजारी बसली. "नाव आहे," ती म्हणाली. "ऑक्टोबरपासून आहे. रुग्ण म्हणून." त्याने मान हलवली. "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"फाइल वाचता आली नाही."

"कोणाला?"

"कॉम्प्युटरला."

तो विचार करत होता. आश्रमशाळेत त्याने बारावीपर्यंत शिकून मग सोडलं होतं, हे त्याने नंतर वाटेत सांगितलं. "पण त्याने सांगितलं असेल ना तसं? वाचता येत नाही म्हणून?" खाली रस्त्यावर उसाची ट्रॉली अडली होती आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. चांदनीला वाटलं, हा हॉर्न थांबेपर्यंत आपल्याला उत्तर द्यावं लागणार नाही. हॉर्न थांबला. "सांगत होता," ती म्हणाली. "मी ते बंद केलं होतं. वाचता आलं नाही तर कोणीच नाही असं समज, असं मी त्याला लिहून दिलं होतं." दिलवरसिंगने तिच्याकडे पाहिलं नाही. तो समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाकीचे कोण आहेत?" तिने नावं सांगितली. त्याने प्रत्येक नावाला बोट दुमडलं. "सगळे आहेत. होळीला सगळे आलेत. तुम्ही या वरती. मी सांगितलं तर म्हणतील, तू कोण डॉक्टर. आणि सोनमची आई मला विचारेल तर मी काय सांगू?"

त्याची परतीची गाडी दुपारीच गेली होती. तो म्हसावदला नातेवाइकाकडे थांबेन म्हणाला, सकाळी तिथून घ्या. उरलेल्या दुपारी चांदनीने प्रोग्राम पुन्हा लिहिला. शोभाबाईने दोनदा विचारलं, "ताई, जेवनं नही का?" आणि दोन्ही वेळा तिने ऐकलं नाही. तिने ती ओळ काढून टाकली. आता प्रत्येक फाइलमागे दोनपैकी एकच गोष्ट पुढे जाई, ओळी किंवा कारण, आणि कारणं गोळा करायला तिने वेगळी यादी केली. पहिल्या वाईट फाइलीला थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं, पण एकही कारण गाळायचं नाही. न वाचलेल्यांची यादी अहवालाच्या पहिल्या पानावर, आणि त्या यादीत एकही नाव असेल तर एकूण बेरीज छापायचीच नाही. लिहिताना ती सारखी चुकत होती. साधा कंस विसरत होती, आणि प्रत्येक चुकीला स्वतःवर इतकी वैतागत होती की तिला टेबलावर हात आपटावासा वाटे. चार वाजता तिने तो चालवला. चौसष्ट फाइलींपैकी साठ वाचल्या. चार नाही वाचल्या. तिला एकच अपेक्षित होती. तिने परत चालवला. चारच. तोरणमाळच्या फाइलीपुढे कारण होतं, पहिला बाइट ओळखता आला नाही. दुसरी फाइल त्या नावाने सापडत नव्हती, कारण नावाच्या शेवटी कोणाच्या तरी बोटाने एक मोकळी जागा पडली होती. तिसरी मध्येच तुटलेली. चौथी खरोखरच रिकामी, टॅबची बॅटरी संपली असणार. ते चार गावपाडे. तिने कागद छापला आणि सरांसमोर ठेवला.

सरांनी तो दोनदा वाचला. "हे आधीच असं का नाही केलंत?" ते म्हणाले. चांदनी म्हणाली, "केलं होतं. ऑगस्टमध्ये. लाल दिसतं म्हणून तुम्ही काढायला लावलंत." त्यांचा चेहरा उतरलेला पाहून तिला जे समाधान वाटायला हवं होतं ते वाटलं नाही, कारण अर्धंच बोलून झालं होतं. शेवटी म्हणाली, "रंग काढा, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. यादी रिकामी धरायला तुम्ही नव्हतं सांगितलं. ते मी केलं. मला कंटाळा आला होता." सरांनी फोन उचलला आणि उद्याच्या जीपची चौकशी करायला लागले. मग फोनवर हात ठेवून म्हणाले, "पहिल्या पानावर हे असंच राहू द्या. सभेत मी बोलतो. संध्या सिस्टरला सोबत घेऊन जा, गोळ्या लागतील."

घरी जेवताना सायरबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय? चांदनीच्या तोंडात 'कांई कोनी' हे दोन शब्द तयारच होते. तिने ते गिळले आणि म्हणाली, "माझ्या चुकीने एका बाईचं मूल गेलं." आईचा हात भाजीच्या वाटीवर थांबला. तिचे वडील भीकमचंद पोळीचा तुकडा हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कसं?" आणि तिने सांगितलं. त्यांना फाइल समजली नाही, बाइट तर नाहीच, पण ते मध्ये मध्ये विचारत राहिले, मग पुढे? मग तू काय केलंस? बऱ्याच वर्षांनी त्या स्वयंपाकघरात तिला कोणी एवढा वेळ विचारत होतं. तिला त्याचं बरं वाटलं नाही. फक्त जेवण थंड झालं.

जीप म्हसावदला दिलवरसिंगला घेऊन घाटाला लागली. वळणावळणाला ड्रायव्हर पहिला गिअर टाकत होता, संध्या सिस्टर गोळ्यांचं खोकं मांडीवर धरून डोळे मिटून बसली होती. मोहाची फुलं पडायला लागली होती, झाडांखाली जाळून साफ केलेली काळी वर्तुळं होती आणि बायका वाकून फुलं वेचत होत्या. चांदनी मनात वाक्यं जुळवत होती. कोणतंही वाक्य सुरू केलं की त्यात कोणीतरी दुसराच कर्ता होऊन बसे. निकाल राहून गेला. फाइल उघडली नाही. माहिती पोचली नाही. शाळेत व्याकरणाच्या बाई अशा वाक्यांना काय म्हणत, ते तिला आठवेना, आणि न आठवल्याचाही तिला राग आला.

सोनम आईच्या घरी होती. घर कुडाचं, पुढे सारवलेली पडवी. पडवीत कालीबाई, सोनमची आई, मोहाची फुलं पसरत होती. पन्नाशीची, चांदीच्या कड्यांमुळे हात जड दिसणारी बाई. सोनम आत खाटेवर होती. दाराशी बसलेल्या रमिलाबाईने, पाड्याच्या आशाताईने, सगळ्यांना चटया टाकल्या. ती घाईघाईने चांदनीला म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे निरोप आला होता कोणी नाही म्हणून. मी तसंच सांगितलं सगळ्यांना." तिच्या आवाजात भीती होती. चांदनी म्हणाली, "तुमची चूक नाही." मग कालीबाईकडे वळून तिने जमवलेलं सगळं सोडून दिलं आणि सरळ सांगितलं: तुमच्या मुलीचा आजार आम्हाला ऑक्टोबरमध्येच कळायला हवा होता. कागद माझ्याकडे होता. तो वाचता येत नाही असं मला कळू शकत होतं, मी ते कळण्याची सोय बंद केली. दिलवरसिंग ऐकत होता. तो सासूकडे वळून पावरी बोलीत बोलला, दोनच वाक्यं. चांदनीला पावरी येत नाही, पण त्यात 'मशीन' हा शब्द तिला ऐकू आला. कालीबाईने मान हलवली आणि परत फुलं पसरायला लागली, जशी लोक पावसापाण्याच्या गोष्टीला मान हलवतात.

"तुम्ही मशीन म्हणालात," चांदनी म्हणाली.

दिलवरसिंग अवघडला. "तिला समजेल असं सांगितलं. तुम्ही इतक्या लांब आलात."

"मी जे म्हणाले ते सांगा. मशीन चांगलं होतं."

तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग परत बोलला, हळू, थांबत थांबत, आणि या वेळी बोलताना त्याने चांदनीकडे हात केला. कालीबाईचे हात थांबले. तिने चांदनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चप्पल, बॅग, लॅपटॉप, गळ्यातलं ओळखपत्र. मग ती काहीतरी बोलली. दिलवरसिंगने ते मराठीत आणलं नाही. "काय म्हणाल्या?" चांदनीने विचारलं. "काही नाही." "सांगा." तो म्हणाला, "म्हणते, ही एवढी शिकलेली. पाच नावं वाचायला हिला पाच महिने लागले." चांदनी म्हणाली, "हो." आतून सोनमच्या कूस बदलण्याचा, खाटेच्या दोऱ्यांचा आवाज आला. संध्या सिस्टर उठून आत गेली.

दुपारपर्यंत बाकीचे चौघे येऊन गेले. गोळ्या दिल्या, पुढच्या तारखा लिहून दिल्या. चांदनीला वाटलं, आता निघायचं. पण पडवीपुढे माणसं जमली होती आणि जात नव्हती. हिलाल नावाच्या एका म्हाताऱ्याने दिलवरसिंगला पुढे ढकललं. "ते विचारतात, त्यांचं काय?" दिलवरसिंग म्हणाला. "रक्त सगळ्यांनी दिलं होतं. पाचांचं सांगितलं. बाकीच्यांचं वाचलं की नाही?" चांदनीने रमिलाबाईला विचारून पडवीचा एक कोपरा घेतला, चटई ओढली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. एकेकाने यायचं, ज्याचं त्यालाच सांगायचं. हिलाल आला. तिने ओळ शोधली, बोट ठेवलं, वाचली. काही दोष नाही. त्याने पुन्हा विचारलं, पक्कं? तिने पुन्हा वाचली. पक्कं. तो उठताना हसला आणि त्याच्या मागच्या बाईला जागा दिली. निकाल 'नाही' असा निघाला तरी तो कोणीतरी वाचून सांगायचा असतो, हे तिला पुण्यात कोणी शिकवलं नव्हतं. ती वाचत गेली. वाहक निघाला की रमिलाबाई समजावत असे, लग्न ठरवताना समोरच्याचंही तपासा, स्वतःला काही होत नाही. चांदनीच्या पायाला मुंग्या आल्या, घसा सुकला, लॅपटॉपची बॅटरी उतरत होती आणि चांदनी दर दोन माणसांनंतर बॅटरीच्या खुणेकडे बघत होती.

ऊन कलताना रांग संपली. मग कालीबाई हात पुसत आली आणि समोर बसली. चांदनीने नाव टाकलं. ओळ आली, वाहक. तिने ती वाचली आणि दिलवरसिंगने ती पावरीत सांगितली. मग तो चांदनीकडे पाहत राहिला. कालीबाईने विचारलं आणि त्याने ते मराठीत आणलं, अगदी खालच्या आवाजात: "विचारते, मग पोरीला हे हिच्याकडून गेलं का?"

हो म्हटलं तर काय होईल, आणि नाही म्हटलं तर कोण तपासायला येणार आहे, हे दोन्ही चांदनीला एकाच क्षणी दिसलं. रमिलाबाईने मान खाली घातली होती. दिलवरसिंगच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं की तुम्ही म्हणाल ते मी सांगेन, पण आता मशीनचं काहीतरी सांगा. "अर्धं त्यांच्याकडून," चांदनी म्हणाली. "अर्धं सोनमच्या वडिलांकडून. एकट्या आईकडून कधी होत नाही. आणि त्यांना हे कळायला काही मार्ग नव्हता. मला होता. हे सगळंच्या सगळं सांगा."

त्याने सगळं सांगितलं. बराच वेळ लागला. कालीबाई ऐकताना आपलं एक कडं मनगटावर फिरवत होती. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला होता, हे चांदनीला रमिलाबाईने हलक्या आवाजात सांगितलं. त्याचे हातपाय कधी दुखले होते की नाही, हे कोणालाच आठवत नव्हतं. मग कालीबाईने एकच गोष्ट विचारली, ती दिलवरसिंगने मराठीत आणली.

"सोनमला माहीत आहे का, हे कुठून आलं ते?"

"नाही," चांदनी म्हणाली. "अजून कोणी सांगितलेलं नाही. सिस्टर सांगू शकतील."

दिलवरसिंग ते सासूला सांगत होता तोवरच कालीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली होती. ती दाराशी थांबली आणि त्याला काहीतरी म्हणाली.

"म्हणते, सिस्टरला बाहेर बोलवा," दिलवरसिंग म्हणाला. "ती स्वतःच सांगणार आहे."

संध्या सिस्टर बाहेर आली. कालीबाई वाकून आत गेली आणि कुडाच्या पलीकडून तिचा आवाज येऊ लागला, सपाट, न थांबणारा. चांदनीला त्यातला एकही शब्द समजत नव्हता. एकदा सोनमने मध्येच काहीतरी विचारलं, आणि कालीबाईने तिला उत्तर दिलं.